भर समुद्रातल्या बंदराला हरकत घेताना सातबाऱ्याच्या जागी काय दाखवायचं?

खाडीकाठ:
डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदरासाठी १,४४८ हेक्टर भराव समुद्रात होणार. ‘गावाची जमीन जात नाही, मग हरकत कसली?’ हे तिथे ऐकवलं गेलं, आता आमच्याकडे प्रस्तावित बंदरासाठीही तेच. जनसुनावणीआधी कोणते कागद जमवावेत? शंखोदरासारख्या श्रद्धास्थानाचा मुद्दा टिकतो का?

उधाणभांग:
समुद्राचा सातबारा नसतो, म्हणून कव, म्हणजे समुद्रात जाळं लावायची ठरलेली जागा, कागदावर आणा. प्रत्येक कवीचे अक्षांश-रेखांश, खोली, कुठल्या महिन्यात कोणती मासळी, नौकेचा परवाना, सोसायटीतल्या डिझेलच्या आणि मासळीविक्रीच्या निदान तीन वर्षांच्या पावत्या.

डोल, म्हणजे पिशवीसारखं एका जागी बांधलेलं जाळं, चालते पाण्याच्या ओढीवर. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीला, ओढ कमी, जाळं नीट उघडत नाही. वाढवणचा लाटरोधक बांध १०.१४ किमीचा आहे. एवढा बांध ओढीची दिशा आणि वेग बदलतो, त्यामुळे भरावापासून लांबची कवही निकामी होऊ शकते. प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाने फक्त भरावाखालचं क्षेत्र मोजलं असेल तर तिथेच बोट ठेवा. प्रवाहाचा अभ्यास उधाण-भांग दोन्हींचा, पावसाळ्यासकट केलाय का? गाळ कुठे बसणार?

ओहोटीला खडकावर कालवं काढणाऱ्या बायकांकडे परवाना नाही, पावती नाही. त्यांची नावनिशीवार यादी आधी करा. बाधितांच्या यादीतून पहिल्यांदा त्याच गळतात.

किनारपट्टी:
२००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी हवी आणि अहवालाचा सारांश मराठीतही. गणपूर्तीची अट नाही! बहिष्कार टाकला तरी सुनावणी वैध धरली जाते, म्हणून लेखी हरकत द्याच आणि शिक्क्याची पोच घ्या. इतिवृत्त तिथेच वाचून दाखवायला लावा.

वाळूचर:
श्रद्धास्थानाबद्दल ‘भावना दुखावतात’ एवढंच लिहिलं की तो मुद्दा एका ओळीत निकाली काढतात. जागा नकाशावर दाखवा, तिथी लिहा, कोणत्या ओहोटीला वाट उघडते ते लिहा, आणि बांधानंतर ती वाट राहील का, असा थेट प्रश्न विचारा. ग्रामसभेचा ठरावही जोडा.

जुन्या नकारावर विसंबू नका. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारलं, आणि त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ ला सशर्त परवानगी दिली. ते फार जिव्हारी लागलं.

पर्यावरण मंजुरी निघालीच तर हरित लवादात अपिलाला ३० दिवस. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६०, त्यापुढे नाही. वकील आत्ताच ठरवा.