आई-बाबांना घेऊन थायलंडला चाललोय, पटाया सोडून काय दाखवू?

रंकाळ्याकाठी
मंडळी, नोव्हेंबरात आई-बाबांना थायलंडला न्यायचं ठरतंय. आठ दिवस आहेत. एका एजंटानं कागद दिलाय: चार दिवस पटाया, कोरल आयलंड, सफारी आणि एका रात्री 'कल्चरल शो विथ डिनर'. बाबा ६८ वर्षांचे. तरुणपण तालमीत गेलं, अजून पहाटे उठून जोर मारतात. आई माळकरी. बाबांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "तिथं माणसं राहत्यात का नाही?"
तर तिथल्या माणसांचं, जुनं, परंपरेतलं असं काय बघण्यासारखं आहे? कुणी जाऊन आलं असेल तर सांगा.

हलगी-घुमकं
भावा, बाबांनी बरोबर नस धरली. तो जेवणासकटचा शो मी बघितलाय. अर्ध्या तासात पाच नाच, समोर गार झालेलं सूप, आणि बघणाऱ्यांत एक थाई माणूस नाही. मी २०१९ ला मावसभावाबरोबर गेलतो. तेव्हापासून माझा हिशेब सरळ हाय: थाई माणूस स्वतःच्या खिशातनं पैसे घालून जिथं येतो, तिथं जायचं.

बाबांना पहिल्यांदा बँकॉकच्या राजदमनेर्न स्टेडियमला न्या. १९४५ पासून तिथं मुए थाई, म्हणजे त्यांची लाथाबुक्क्यांची लढत, चालतंय. आता दिवे, धूर, मोठे पडदे आलेत, पण लढतीआधीचं वाय ख्रू चुकत नाही. वाय म्हणजे नमस्कार, ख्रू म्हणजे आपला गुरूच. पैलवान डोक्यावर कडं घालून येतो, त्याला मोंगखोन म्हणतात, 'मंगल' शब्दाचं भावंड. चारी बाजूंच्या दोरांवरनं हात फिरवत रिंगण घालतो, गुडघ्यावर बसून तीनदा माथा टेकतो, मग संथ नाचल्यासारखा डुलत अंग मोकळं करतो. लढत सुरू व्हायच्या आधी ते कडं उस्ताद येऊन काढतो. आखाड्याची माती कपाळाला लावलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

आणि वाद्यं! सनईच्या जातीचं एक पी, दोन ढोल, आणि छिंग म्हणून छोटे टाळ. पहिल्या फेरीला सावकाश, जशी लढत तापेल तशी लय चढत जाते. जुन्या पद्धतीच्या लढतीत तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या. मी स्वतः हलगी वाजवतो, त्यामुळं खरं सांगतो, दुसऱ्या लढतीपासून माझं लक्ष पैलवानांकडं नव्हतंच. ढोलवाला वाजवताना रिंगणावरची नजर काढत नव्हता. आपल्या कुस्तीच्या मैदानात झांजा वाजवणारा कैताळवाला पण तसाच बघतो.

मी गेलतो तेव्हा रिंगजवळच्या महागड्या खुर्च्यांवर सगळे गोरे, आणि वर मागं सगळी थाई गर्दी. आम्ही वरचं तिकीट काढलं. बोटांच्या खुणांनी पैजा चालल्या होत्या, प्रत्येक लाथेला एकदम "ओय!" खासबागेत चितपट झाल्यावर उठतो तसला आवाज.

दुसरं, बँकॉकच्या राजवाड्याच्या आवारातलं वाट फ्रा केव. वाट म्हणजे देऊळ. ओवरीच्या भिंतींवर सगळं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. ते त्याला रामाकियन म्हणतात. पण बाबांना आधीच तयार करून न्या. त्यांचा हनुमान ब्रह्मचारी नाही! सेतू बांधताना रावणाची मत्स्यकन्या असलेली मुलगी दगड पळवते, तर हा तिच्या प्रेमात पडतो, पोरगं पण होतं. तालमीत मारुतीला नारळ फोडून मोठा झालेला मी, तिथं अर्धा तास गप उभा होतो. मावसभाऊ म्हणाला, "घरी सांगू नकोस." खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. आणि बाहेर कुणी रिक्षावाला "आज राजवाडा बंद आहे" म्हणाला, तर मान हलवायची आणि सरळ फाटकाकडं चालायचं.

एरावन देवळाला संध्याकाळी जा. चार तोंडांचा ब्रह्मदेव, देऊळ १९५६ सालचं, भर चौकात, आजूबाजूला मॉल. नवस पूर्ण झालेली माणसं पैसे भरून देवापुढं नाच करवून घेतात. ज्याचा नवस तो खाली गुडघ्यावर बसलेला, नर्तकी मागं गात नाचतायत. आपण गोंधळ घालतो की नाही, तसंच. माझ्यापुढं एक ऑफिसातली बाई पर्स मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली होती. पाच-सात मिनिटांत उठली, डोळे पुसले, मेट्रोकडं चालायला लागली.

अयुथयाला रेल्वेनं जा, तासा-दीड तासाचं अंतर, तिसऱ्या वर्गाचं तिकीट किरकोळ. नाव अयोध्येवरनं. १७६७ मध्ये ब्रह्मी फौजेनं शहर जाळलं. वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं शिर आहे. फोटो काढताना खाली बसायचं, आपलं डोकं त्याच्या वर जाता कामा नये.

शिरोळची सून
दादा, नोव्हेंबरातली पौर्णिमा बघून तिकीट काढा. लॉय क्राथोंग हा तिथला सण बहुतेक वेळा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतं. क्राथोंग म्हणजे केळीच्या खुंटाची चकती, त्यावर केळीच्या पानाच्या घड्या, फुलं, उदबत्त्या, मेणबत्ती. वर्षभर पाणी घाण केलं म्हणून नदीची क्षमा मागायची आणि ते पाण्यात सोडायचं. नदीदेवीचं नाव फ्रा मे खोंगखा. खोंगखा म्हणजे गंगा! आम्ही सुखोथायला होतो. पहाटे पंचगंगेच्या घाटावर पणती लावायचं त्या वर्षी हुकलं म्हणून मी खट्टू होते, ते संध्याकाळी भरून निघालं. शेजारच्या आजींनी माझी मेणबत्ती दोनदा विझलेली बघून स्वतःच्या ज्योतीवरून लावून दिली.

तुमच्या आईंसाठी: पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'เจ' दिसलं की निर्धास्त जेवा. उच्चार 'जे'. त्यात मासळी-मांस नाहीच, कांदा-लसूणही नाही. एरवी नुसत्या भाजीतही माशाचं पाणी पडतं, त्याला नाम प्ला म्हणतात, आणि पपईच्या सोम तममध्ये सुकट. "व्हेज" म्हणून भागत नाही. मी पहिल्या दिवशी फसले.

तांबडा-पांढरा
एवढी देवळं करून म्हातारी माणसं दमतील. मध्ये एक दुपार वाट फोला ठेवा. ४६ मीटरचा आडवा बुद्ध बघा आणि तिथंच मालिश करून घ्या, ती विद्या शिकवायची जुनी जागाच ती आहे. अंगावरचे कपडे न काढता करतात, तेल नाही. आमच्या वडलांना आवडली, पण "आमचा वस्ताद याच्या दुप्पट दाबायचा" हे ऐकवलंच त्यांनी.

रंकाळ्याकाठी
सगळ्यांचे आभार. एजंटाला नको म्हणून कळवलं. घरी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. आई क्राथोंगवर अडून बसलीय, केळीचा खुंट इथूनच न्यायचा का म्हणते. बाबा मारुतीच्या पोराचं ऐकून आधी रागावले, मग म्हणाले मकरध्वज आपल्याकडं पण आहेच की. मुए थाईचं तिकीट मात्र वरच्या मजल्याचंच काढ म्हणतात.

हलगी-घुमकं
खुंट विमानात नका नेऊ, तिथं तयार क्राथोंग रस्त्यावर ढिगानं मिळतात. आणि बाबांना एक बजावून ठेवा, वर बसल्यावर डाव आवडला म्हणून हात वर करायचा नाही. मावसभावानं केलता. शेजारच्या तिघांनी लगेच बोटं दाखवली, आणि पैज लागली नाही हे समजावण्यात आमची अख्खी चौथी फेरी गेली.