आपोआप बनणारे इंडेक्स बंद केल्याने क्लाउडचं बिल खरंच उतरतं का?

कंटेनरवाला (धागाकर्ता)

मायक्रोसॉफ्टचा कॉसमॉस डीबी घ्या की गूगलचा फायरस्टोअर, दोन्ही क्लाउड डेटाबेसमध्ये डॉक्युमेंटमध्ये (एका नोंदीत) जे फील्ड टाकाल त्याचा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) न विचारता तयार. ३० फील्डांच्या डॉक्युमेंटवर क्वेरी चालतात चार फील्डांवर, मग उरलेल्या २६ चा भुर्दंड कशासाठी? माझं मत: आधी सगळं बंद करा, मग लागेल तेवढंच उघडा.

कॉसमॉसमध्ये हे काम दहा मिनिटांचं आहे. पोर्टलवर डेटा एक्स्प्लोरर उघडून कंटेनरच्या (डॉक्युमेंट्सच्या संचाच्या) सेटिंग्जमध्ये इंडेक्सिंग पॉलिसीवर जा. वगळायच्या पाथमध्ये (फील्डच्या पत्त्यांत) `/*`, म्हणजे सगळं, टाका आणि घ्यायच्या पाथमध्ये फक्त क्वेरीतली फील्डं, उदाहरणार्थ `/शहर/?`. एक गोष्ट हमखास राहून जाते. `/*` वगळलं की पार्टिशन कीचाही (डेटा ज्या फील्डवरून विभागला जातो त्याचाही) इंडेक्स जातो, तो हाताने परत घालावा लागतो. फील्डचा इंडेक्स असा बंद करण्याला फायरस्टोअरमध्ये सिंगल-फील्ड एक्झेम्प्शन म्हणतात.

हिशेबनीस

कॉसमॉसचं ठीक, पण फायरस्टोअरला त्याच दावणीला बांधू नका. त्याच्या स्टँडर्ड एडिशनमध्ये राइटचे (डेटा लिहिण्याचे) पैसे डॉक्युमेंटमागे लागतात. त्या एका राइटमुळे इंडेक्सच्या २ नोंदी बदलल्या की २००, बिलात राइट एकच. म्हणजे वाचली तर फक्त जागा.

ती किती? रूट कलेक्शनचं (सर्वांत वरच्या डॉक्युमेंट-संचाचं) नाव ४ रोमन अक्षरांचं आणि आयडी नेहमीचा २० अक्षरांचा धरा. प्रत्येक स्ट्रिंगला (मजकुराच्या तुकड्याला) १ बाइट जास्त आणि वर १६, म्हणजे डॉक्युमेंटचं नाव ४२ बाइट. फील्डचं नाव ६ अक्षरी, मूल्य ७ अक्षरी: ७ + ८. प्रत्येक नोंदीवर आणखी ३२. एकूण ८९, आणि चढता-उतरता असे दोन इंडेक्स म्हणून १७८ बाइट. मूळ डेटा मात्र १५ बाइटचा! अशी २० फील्डं आणि १ कोटी डॉक्युमेंट्स धरली तर इंडेक्स सुमारे ३३ जीबी. हा आकडा ऐकायला मोठा, पण साठवणीचा दर जीबीमागे महिन्याला १५ ते २० सेंटच्या आसपास धरला तर होतात ५ ते ७ डॉलर. त्यासाठी दोन इंजिनिअरांचा आठवडा घालवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

हा सल्ला एवढा फिरतो त्याला कारण आहे. गूगलच्याच जुन्या डेटास्टोअर डेटाबेसमध्ये नवी एंटिटी (तिथली नोंद) लिहिली की २ राइट आणि वर प्रत्येक इंडेक्स केलेल्या मूल्यामागे २ राइट मोजले जात. २० प्रॉपर्टी (तिथली फील्डं) म्हणजे ४२. जुलै २०१६ पासून आकारणी एंटिटीमागे झाली, पण त्याआधीचे लेख अजून कॉपी-पेस्ट होतात.

कंटेनरवाला

तुम्ही ७ अक्षरांचं मूल्य धरलंत म्हणून ५ डॉलर आले. मराठी मजकूर ठेवून बघा. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, काना-वेलांटीसकट. ‘मराठी’ या शब्दाचेच १५ बाइट. इंडेक्समध्ये मूल्य १,५०० बाइटला कापलं जातं, म्हणजे ५०० चिन्हं. ८०० चिन्हांचं एक ‘वर्णन’ फील्ड दोन इंडेक्स मिळून डॉक्युमेंटमागे ३ केबीच्या वर खातं, म्हणजे एकटं फील्ड तुमच्या २० फील्डांच्या जवळ पोचलं. आणि त्या फील्डवर कोणी क्वेरी मारत नाही. मारली तरी कापलेल्या मूल्यावर उत्तर भरवशाचं नाही.

शिवाय सतत वाढत जाणारा टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद) इंडेक्समध्ये असेल तर त्या कलेक्शनला सेकंदाला ५०० राइटची मर्यादा येते. त्या फील्डवर क्वेरी नसेल तर एक्झेम्प्शन दिलंच पाहिजे.

हिशेबनीस

लांब मजकूर आणि टाइमस्टॅम्प, दोन्हींना एक्झेम्प्शन द्यावं, यावर वाद नाहीच. पण टाइमस्टॅम्पचा मुद्दा वेगाचा आहे, खर्चाचा नाही. तुमचं वाक्य होतं ‘आधी सगळं बंद’. भांडण त्याच्याशी आहे.

स्लोक्वेरी

कॉसमॉसवालेही हुरळून जाऊ नका. इंडेक्स कमी केले की राइटचे आरयू (रिक्वेस्ट युनिट, कॉसमॉसचं कामाचं माप) उतरतात, खरंय. पण ठरावीक (ऑटोस्केल नसलेलं) प्रोव्हिजन्ड थ्रूपुट, म्हणजे सेकंदाला अमुक आरयू आधीच राखलेले, असेल तर बिल तुम्ही राखून ठेवलेल्या आरयूचं येतं, वापरलेल्याचं नाही. पॉलिसी बदलली आणि थ्रूपुट तेवढंच ठेवलं तर बचत शून्य. आकडा स्वतः खाली आणावा लागतो, तोही १०० च्या पटीत, आणि ४०० हा तळ. पूर्वी कधी कंटेनर १ लाख आरयूवर नेला असेल तर त्याचा शंभरावा भाग, म्हणजे १,००० च्या खाली उतरता येत नाही. सर्व्हरलेसमध्ये (वापराल तेवढंच बिल) मात्र फरक थेट दिसतो. आणि डेटा अनेक रीजनमध्ये (वेगवेगळ्या भागांतल्या डेटा सेंटरमध्ये) असेल तर आरयूचा खर्च रीजनच्या संख्येने गुणला जातो, तिथे खटपट परवडते.

दुसरी बाजू रीडची. इंडेक्स नसलेल्या फील्डवर फिल्टर लावला की कॉसमॉस कुरकुर न करता स्कॅन करतं (सगळी डॉक्युमेंट्स चाळतं) आणि त्याचे आरयू लावतं. महिन्याला एकदा चालणारा रिपोर्ट त्या दिवशी ४२९ (आरयूची मर्यादा ओलांडल्याची एरर) खातो आणि ज्याने पॉलिसी बदलली तो तोवर विसरलेला असतो. `ऑर्डर बाय` (क्रम लावणं) असेल तर एरर येते. ते बरं, निदान कळतं तरी.

कंटेनरवाला

म्हणूनच आधी मोजा म्हणतो. कॉसमॉसच्या प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये रिक्वेस्ट चार्ज (लागलेले आरयू) येतो. एकच डॉक्युमेंट जुन्या आणि नव्या पॉलिसीच्या दोन रिकाम्या कंटेनरमध्ये लिहून आकडे शेजारी ठेवा. क्वेरीसाठी एसडीकेमध्ये (कॉसमॉसच्या कोड लायब्ररीत) इंडेक्स मेट्रिक्सचा पर्याय चालू केला की कोणता इंडेक्स वापरला गेला आणि कोणता असता तर उपयोग झाला असता, दोन्ही दिसतं. लॉग किंवा सेन्सरच्या डेटासारखं राइट जास्त, रीड कमी असं काम असेल तर आधी सगळं बंद हेच बरोबर. फक्त इंडेक्सिंग मोड ‘नन’ करू नका, टीटीएल (मुदत संपलेला डेटा आपोआप पुसणं) चालत नाही.

डिप्लॉय_शुक्रवारी

मत बाजूला ठेवतो, क्रम सांगतो, कारण घोटाळे तिथेच होतात.

कॉसमॉस: जुना पाथ काढणं आणि नवा घालणं एकाच बदलात करू नका. काढलेला इंडेक्स क्वेरीला त्याच क्षणी मिळेनासा होतो, नवा मात्र मागून सावकाश बांधला जातो, तोही तुमचेच आरयू वापरून. मधल्या वेळात सगळं स्कॅनवर. आधी नवा घाला, प्रगती १०० टक्के होऊ द्या, मग जुना काढा.

फायरस्टोअर: सध्याचे इंडेक्स आधी सीएलआयमधून (कमांड लाइनवरून) जेसन फाइलमध्ये उतरवून गिटमध्ये ठेवा, म्हणजे जुनी प्रत हाताशी राहते, मग फील्ड ओव्हरराइड (त्या फील्डचे वेगळे इंडेक्स-नियम) लिहा. ओव्हरराइड भर घालत नाही, आपोआप बनलेलं सगळं बदलून टाकतो. यादी रिकामी ठेवली की सगळे इंडेक्स गेले, आणि फक्त चढता लिहिला की उतरता व ॲरेचा (यादीतल्या मूल्यांचा) गेला. मॅप फील्डला (ज्याच्या आत आणखी फील्डं असतात) दिलेलं एक्झेम्प्शन आतल्या उपफील्डांनाही लागतं. दोन-तीन समानतेच्या अटी असलेल्या क्वेरी कंपोझिट (अनेक फील्डांच्या एकत्र) इंडेक्सशिवाय चालतात त्या हेच सिंगल-फील्ड इंडेक्स जोडून, त्यामुळे ‘या फील्डवर एकटी क्वेरी नाही’ एवढं बघून चालत नाही. इथे कॉसमॉससारखं स्कॅन होत नाही, क्वेरी `फेल्ड प्रीकंडिशन` देऊन आपटते. आणि लोकल एम्युलेटर (आपल्या मशीनवरची नक्कल) इंडेक्स बघतच नाही, म्हणून टेस्ट सगळ्या हिरव्या. क्लाउडवरच्या खऱ्या स्टेजिंग (चाचणीच्या) डेटाबेसवर चालवल्याशिवाय प्रॉडक्शनला हात लावू नका.

स्लोक्वेरी

डेटास्टोअर मोडवाल्यांनी (फायरस्टोअर जुन्या डेटास्टोअरच्या पद्धतीने चालवणाऱ्यांनी) वरचं आंधळेपणाने करू नये. तिथे इंडेक्समधून वगळायचा फ्लॅग एंटिटीवर असतो. तो बदलला तरी जुन्या एंटिटी पुन्हा लिहीपर्यंत तशाच राहतात, आणि वगळलेली प्रॉपर्टी कंपोझिट इंडेक्समधूनही बाहेर पडते. जागा वाचवायला १ कोटी एंटिटी पुन्हा लिहायच्या, तर त्या राइटचे पैसे कोणत्या खात्यात धरणार?

हिशेबनीस

तेच तर! त्या १ कोटी राइटमध्ये किती महिन्यांची साठवण येते, एवढा भागाकार आधी करा. फायरस्टोअरच्या एंटरप्राइझ एडिशनमध्ये इंडेक्स आपोआप बनतच नाहीत, हवे ते तुम्हीच बनवायचे. धागाकर्त्याला हवं ते तिथे आयतं आहे, पण इंडेक्स विसरलात तर कॉसमॉससारखंच अख्खं कलेक्शन स्कॅन होणार.