मुदतीआधी ब्रॉडबँड बंद केले म्हणून उरलेल्या महिन्यांचे पूर्ण भाडे : हा हिशेब मान्य करावा का?

वारजेकर :
घरमालकांना मुलासाठी जागा हवी होती, म्हणून मार्चअखेर आम्ही वारज्यातील सदनिका सोडून धायरीला राहायला आलो. जुन्या जागेतील ब्रॉडबँड जोडणी बारा महिन्यांच्या बांधिलकीवर घेतलेली होती आणि त्यांपैकी आठ महिने पूर्ण झाले होते. तीच जोडणी नव्या पत्त्यावर हलवून द्यावी अशी विनंती मी आधी केली. त्या गल्लीत आमची केबल पोचलेली नाही, असे कंपनीने ईमेलने कळवले. त्यानंतर सेवा बंद करा असे सांगितले, तेव्हा ३,७७१ रुपये २८ पैशांचे बिल आले. त्यात उरलेल्या चार महिन्यांचे भाडे, दरमहा ७९९ रुपयांप्रमाणे, ३,१९६ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे.

मी काहीच देणार नाही, असे माझे म्हणणे नाही. बांधिलकी स्वीकारली म्हणून जोडणीचे १,५०० रुपये माफ झाले होते आणि ८९९ रुपयांची योजना ७९९ ला मिळाली होती. बारा महिन्यांवर पसरलेल्या १,५०० पैकी चार महिन्यांचे ५०० आणि आठ महिने मिळालेल्या सवलतीचे ८००, असे १,३०० रुपये मी आज द्यायला तयार आहे. राहिलेले १,८९६ रुपये नेमके कोणत्या नुकसानीचे, हे कंपनीने सांगावे, एवढीच माझी मागणी आहे. ‘अटींमध्ये लिहिले आहे’ हे त्याचे उत्तर होत नाही.

जुना केबलवाला :
मी चौदा वर्षे सिंहगड रस्त्याच्या परिसरात जोडण्या दिल्या आहेत, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. आपण जे १,५०० धरता, तो ग्राहकाला दाखवण्यापुरता आकडा असतो. गच्चीवरून घरापर्यंत फायबर ओढणे, ती जोडणाऱ्या मुलाची मजुरी, भिंतीवरचा ओएनटीचा डबा (फायबर घरात जिथे येऊन जोडली जाते ते यंत्र), राउटर, जोडणी मिळवून देणाऱ्याचे कमिशन आणि स्थानिक भागीदाराचा वाटा, हे सगळे पहिल्याच दिवशी खिशातून जाते आणि महिन्याच्या भाड्यातून हळूहळू वसूल होते. ग्राहक मध्येच उठून गेला की ती वसुली तिथेच थांबते.

दुसरे असे की, आपला भाडेकरार अकरा महिन्यांचाच असणार. घर बारा महिने हातात राहणार नाही हे ठाऊक असताना बारा महिन्यांची बांधिलकी घेतली, सवलत आठ महिने वापरली आणि आता अट जाचक वाटते, हे मला पटत नाही. मंगल कार्यालयाची तारीख आयत्या वेळी रद्द केली तर कार्यालयवाल्याने अनामत परत द्यावी असे कोणी म्हणत नाही. मग इंटरनेटवाल्यानेच धर्मादाय का करावा?

डेक्कनची वकील :
अकरा महिन्यांबद्दल आधी एक अवांतर. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे ही अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार कितीही मुदतीच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’ची नोंदणी करावीच लागते. म्हणजे आडाखा निकामी झाला, सवय मात्र शिल्लक आहे, आणि ब्रॉडबँडच्या वार्षिक योजना या सवयीशी कधीच जुळत नाहीत.

मंगल कार्यालयाचा दाखला मुद्द्याला धरून आहे, पण तो उलट बाजूने जातो. मुहूर्ताची तारीख एकदा रिकामी गेली की ती परत विकता येत नाही. इमारतीतल्या फायबरचे मात्र तसे नसते. ती जोडणी दुसऱ्याला देता येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी रक्कम आधीच ठरलेली असली, तरी दुसऱ्या पक्षाला मिळते ती ‘वाजवी भरपाई’. करारातील आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेहचंद खटल्यात हे सांगितले आणि २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात आणखी स्पष्ट केले की मुळात काही नुकसान व्हावे लागते. ते सिद्ध करणे शक्य असेल तर सिद्ध करावे लागते, आणि ते मोजणेच अशक्य असेल तेव्हाच करारातील आकड्याचा, तोही वाजवी अंदाज असेल तर, आधार घेता येतो. शिवाय कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान टाळण्याची कोणती साधने हाताशी होती हेही पाहिले जाते. ब्रॉडबँड कंपनीचा सगळा खर्च तिच्याच वह्यांत असतो. तिला तो मोजता येत नाही, असे कोण मान्य करील?

जुना केबलवाला :
न्यायालयांचे निकाल कोट्यवधींच्या भूखंडांचे असतात, मॅडम. तीन हजारांच्या बिलासाठी प्रत्येक ग्राहकाचा स्वतंत्र ताळेबंद मांडायचा म्हटले तर तो मांडणाऱ्याचा पगारच बिलाहून अधिक होईल. म्हणून सर्वांना एकच नियम ठेवावा लागतो.

ताळेबंद :
सर्वांना एकच नियम ठेवायला हरकत नाही; तो उतरत्या रकमेचा ठेवावा. पहिल्या महिन्यात सोडणाऱ्याला पूर्ण खर्च, सहाव्या महिन्यात त्याच्या निम्मा, अकराव्यात नाममात्र. ही आकारणी संगणक एका सूत्राने करतो, त्यासाठी कोणाला पगार द्यावा लागत नाही. उरलेले संपूर्ण भाडे मागण्यात मला हिशेबनीस म्हणून खटकते ते हे, की भाडे म्हणजे उत्पन्न. नुकसान ठरवताना त्यातून वाचलेला खर्च वजा करावा लागतो. वापर थांबला की बँडविड्थ, ग्राहकसेवा आणि तंत्रज्ञाच्या फेऱ्या यांचा तेवढा खर्च वाचतो. तो वजा न करता मागितलेली रक्कम म्हणजे सेवा न देताच सेवेची किंमत घेणे होय.

वारजेकरांना मात्र एक सावधगिरीची सूचना. ‘दंडावर जीएसटी कसा?’ असा प्रश्न आपण तक्रारीत घालण्याच्या विचारात असाल तर तो गाळावा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने करारभंगाची खरी भरपाई करमुक्त ठरवली असली, तरी व्यावसायिक अटींचा भाग म्हणून ठरलेला रद्द करण्याचा किंवा मुदतपूर्व समाप्तीचा आकार करपात्र मानला आहे, मग त्याला दंड हे नाव दिलेले का असेना. त्या मुद्द्यावर कंपनी आपल्याला सहज गप्प करील आणि मुख्य प्रश्न बाजूला राहील.

जुना केबलवाला :
मग हेच परिपत्रक माझ्या बाजूने आहे. मुदतीआधी बाहेर पडण्याची मोकळीक ही एक सोय आहे आणि ३,१९६ रुपये ही तिची किंमत आहे, असे सरकारच म्हणते. किंमत ग्राहकाने आधी मान्य केली होती. त्यात नुकसानीचा प्रश्न येतो कुठे?

डेक्कनची वकील :
आक्षेप चांगला आहे, आणि कंपनीचे वकील नेमका हाच घेतील. परंतु कर कशावर लागतो यावरून अट न्याय्य आहे की नाही हे ठरत नाही. बाहेर पडण्याची किंमत आत राहण्याच्या किमतीइतकीच असेल, तर ती मोकळीक नावापुरतीच म्हणावी लागेल, कारण चार महिने सेवा वापरली काय आणि सोडली काय, पैसे तेवढेच जातात. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४६) मधील ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत, करारभंगामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी असलेला दंड स्पष्टपणे घातला आहे.

येथे एक खोच आहे. अनुचित कराराची तक्रार म्हणून ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय ग्राहक आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणून पुण्यातील जिल्हा आयोगात जाताना तक्रार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या पायावर उभी करावी. एकतर्फी अटी लादणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये गुरुग्रामच्या एका सदनिका प्रकरणात म्हटले आहे. अर्थात तो निकाल जुन्या कायद्याखालचा आहे.

सदाशिव पेठी :
एवढा कायदा १,८९६ रुपयांसाठी! वारजेकर, तारखेला जाण्यासाठी घेतलेल्या दोन रजांची किंमत याहून अधिक होईल. शिवाय टेलिफोन-इंटरनेटची बिले ग्राहक आयोग ऐकतच नाही, असे मला एका परिचिताने ठामपणे सांगितले होते.

डेक्कनची वकील :
परिचितांची माहिती जुनी आहे. तार अधिनियमाच्या कलम ७-ब वर बोट ठेवून २००९ च्या निकालाने असे वाद आयोगांबाहेर ठेवले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहक आयोगांना अधिकार आहे असा निर्वाळा दिला. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, तक्रारदार जेथे राहतो तेथे ती दाखल करता येते, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

पण त्याआधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावा आणि उत्तर समाधानकारक नसल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जावे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, याच्या २०१२ च्या विनियमांनी ही दुसरी पायरी विनाशुल्क ठेवली असून अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. थेट ट्रायला पत्रे पाठवण्यात वेळ घालवू नये; वैयक्तिक तक्रारी ट्राय सोडवत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करणे मात्र उपयोगी पडते.

वारजेकर :
सदाशिव पेठी यांचा रजांचा हिशेब बरोबर आहे, आणि अशा अटी टिकून राहतात त्या याच हिशेबावर. प्रत्येकाला भांडण्यापेक्षा भरणे स्वस्त पडते.

काल एक गोष्ट कळली, ती केबलवाल्यांसाठी मुद्दाम लिहितो. घरमालकांच्या मुलाने वारज्याच्या त्या सदनिकेत ब्रॉडबँड घेतले आहे, ते याच कंपनीचे. मी सोडल्यापासून अकराव्या दिवशी तंत्रज्ञ आला. आमच्याच वेळची फायबर आणि भिंतीवरचा तोच डबा वापरून त्याने जोडणी सुरू करून दिली, आणि नवी बारा महिन्यांची बांधिलकीही लिहून घेतली. म्हणजे एप्रिलपासून त्याच डब्याचे भाडे मुलगा भरतो आहे आणि जुलैपर्यंतचे माझ्याकडूनही मागितले जात आहे.

जुना केबलवाला :
असे झाले असेल तर उरलेले भाडे मागणे मलाही योग्य वाटत नाही. आमच्या काळी आम्ही अशा वेळी जुन्या ग्राहकाचे सोडून देत असू. कमिशन मात्र दोनदा गेले असणार, त्यामुळे आपले १,३०० मला अजूनही कमी वाटतात. ते असो. अपिलात ही अकरा दिवसांची गोष्ट पहिल्या परिच्छेदात घाला आणि घरमालकांच्या मुलाच्या बिलाची प्रत जोडा, तो देत असेल तर. आणि राउटर परत केल्याची पोच आहे ना? नाही तर महिनाभराने त्याचे वेगळे बिल येईल.

वारजेकर :
राउटर तंत्रज्ञ घेऊन गेला. पोच मागितली तेव्हा ‘ॲपवर येईल’ म्हणाला. अजून आलेली नाही. आज त्याचीही स्वतंत्र तक्रार नोंदवून क्रमांक घेतो.