शब्दचर्चा : कंपनांचे ‘नियंत्रण’, ‘शमन’ की ‘अवमंदन’?

प्रश्न

नमस्कार. मी नागपूरच्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. काटोल, उमरेड, रामटेककडून येणाऱ्या आणि दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी मी एक टिपण लिहीत आहे. कॉम्पोझिटच्या संरचनांमधील कंपने स्मार्ट पदार्थांच्या साहाय्याने कशी आटोक्यात आणतात, हा त्याचा विषय आहे. लेखणी तीन ठिकाणी अडली आहे. कॉम्पोझिटला ‘संमिश्र’ म्हणावे की ‘संयुक्त’? गणितात कॉम्पोझिट नंबरला ‘संयुक्त संख्या’ म्हणतात आणि ‘संमिश्र संख्या’ ही वेगळीच गोष्ट आहे. ‘स्मार्ट’साठी चतुर, बुद्धिमान असे शब्द सुचतात, पण पटत नाहीत. शिवाय व्हायब्रेशन कंट्रोल आणि डॅम्पिंग या दोन्हींसाठी ‘कंपन-नियंत्रण’ हा एकच शब्द चालेल का?

उत्तर

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते खरा घोटाळा तिथेच आहे. काशाचे ताट फरशीवर पडले की बराच वेळ किणकिणत राहते, आणि त्याच्या काठावर बोट टेकवले की लगेच गप्प होते. बोटाने ताटातली कंपनाची ऊर्जा शोषून घेतली. या ऊर्जा काढून घेण्याच्या क्रियेला ‘अवमंदन’ म्हणावे. नुसते ‘मंदन’ म्हटले तर वेग कमी होणे असा अर्थ निघतो, म्हणून ‘अव’ हा उपसर्ग राखावा. ‘नियंत्रण’ हा शब्द मात्र पुष्कळ व्यापक आहे. यंत्राखाली रबर घालून त्याचा हादरा जमिनीपर्यंत पोहोचू न देणे किंवा तुळईची जाडी बदलून तिची नैसर्गिक वारंवारता (ती ज्या वारंवारतेवर आपोआप थरथरते ती) दूर सरकवणे, हेही नियंत्रणच आहे, परंतु त्यात ऊर्जा शोषली जातेच असे नाही. तेव्हा विषयाचे नाव ‘कंपन-नियंत्रण’, त्यातल्या एका पद्धतीचे नाव ‘अवमंदन’ आणि साधलेल्या परिणामासाठी ‘अग्निशमन’च्या धर्तीवर ‘कंपन-शमन’, अशी वाटणी मी सुचवतो.

कॉम्पोझिटसाठी ‘संमिश्र’च ठेवावे. ‘संयुक्त’ म्हटले की विद्यार्थ्याला रसायनशास्त्रातले संयुग आठवेल, आणि ‘मिश्र’ म्हटले की मिश्रधातू. संयुगात किंवा मिश्रधातूत घटक एकमेकांत मुरून जातात; संमिश्र पदार्थात तंतू तंतूच राहतो आणि त्याला धरून ठेवणारे रेझिनही वेगळे राहते. हे शिकवायला आपल्या भागात कुडाच्या भिंतीइतके चांगले उदाहरण नाही. तुराट्यांचा कूड आणि त्यावर माती-शेणाचा गिलावा : ताण तुराट्या घेतात, त्यांना जागेवर माती धरते, आणि भिंत फोडली तर दोन्ही वेगवेगळे हाती येतात. याच तत्त्वावर कार्बन तंतू आणि रेझिन यांच्यापासून विमानाचे भाग घडवतात. बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने जवळपास ५० टक्के भाग संमिश्र पदार्थांचा आहे, आणि त्याच्या फरशीखालच्या संमिश्र तुळया आपल्या नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात तयार झालेल्या आहेत, हेही विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. संमिश्र पदार्थाचे थर एकमेकांपासून सुटण्याच्या दोषाला नवा शब्द घडवू नये. ‘पापुद्रे सुटणे’ हे पुरेसे नेमके आहे.

आता ‘स्मार्ट’. बोलण्यात आपण नीटनेटक्या माणसाला स्मार्ट म्हणतो, आणि ‘बुद्धिमान पदार्थ’ म्हटले तर पदार्थाला विचार करता येतो असे वाटते. पीझोविद्युत पट्टीला विचार करता येत नाही. तिला वाकवले की तिच्या पृष्ठांवर विद्युतभार येतो, आणि तिला विद्युतदाब दिला की ती किंचित ताणते किंवा आखडते. पट्टी फक्त प्रतिसाद देते. निर्णय तिला जोडलेले परिपथ घेते. म्हणून पदार्थाला ‘प्रतिसादी पदार्थ’ म्हणावे, आणि कंपन ओळखणारा संवेदक, बल देणारा प्रेरक व निर्णय घेणारा नियंत्रक हे तिन्ही ज्यात एकत्र आले आहेत त्या संपूर्ण रचनेपुरता ‘स्मार्ट संरचना’ हा रूढ शब्द ठेवावा.

पीझोविद्युतसाठी ‘दाबविद्युत’ हा शब्द मराठीत आधीपासून आहे आणि मला तो आवडतो. मात्र त्याच्यासोबत एक खुलासा जोडावा. पिअर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाबाने विद्युतभार निर्माण होतो हे दाखवले, तेवढीच अर्धी बाजू या शब्दात आली आहे. उलटही घडायला हवे, हे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लिपमान यांनी १८८१ मध्ये गणिताने मांडले आणि क्यूरी बंधूंनी त्याच वर्षी प्रयोगाने पडताळले. कंपने शमवताना प्रेरक म्हणून वापरतात ती ही ‘व्यस्त दाबविद्युत’ बाजूच. तिचा उल्लेख राहिला तर पट्टी कंपन मोजते कशी हे विद्यार्थ्याला कळेल, पण ती कंपन थांबवते कशी हे कळणार नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर, मनापासून आभार. कुडाची भिंत मी नक्की घेणार आहे. एक शंका अजून उरली आहे. बाहेरून वीज देऊन चालवलेल्या पद्धतीला ‘सक्रिय’ आणि दुसरीला ‘निष्क्रिय’ अवमंदन म्हणायची रीत आहे. दुसऱ्या पद्धतीत दाबविद्युत पट्टीच्या दोन टोकांना फक्त एक रोध (रेझिस्टर) जोडलेला असतो. तुळई थरथरली की पट्टीत वीज तयार होते, ती रोधात उष्णता होऊन जाते आणि तेवढी ऊर्जा तुळईतून कमी होते. एवढे काम करणाऱ्या पट्टीला निष्क्रिय म्हणणे मला अन्यायाचे वाटते, आणि विद्यार्थी तर ती बंद पडली आहे असेच समजतात.

उत्तर

शंका रास्त आहे. ‘विनाअनुदानित’ हा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेला असतो, त्याच वळणावर ‘विनापुरवठा अवमंदन’ म्हणून पाहा. मग ‘सक्रिय’च्या जागी ‘सपुरवठा’ घ्यावे लागेल आणि फरक नेमका कशात आहे ते नावातच दिसेल. टिपणात असे वाक्य बसते का ते पाहावे : ‘एका टोकाला घट्ट धरलेल्या तुळईच्या बुंध्याशी, जिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त असतो तिथे, दाबविद्युत पट्टी चिकटवून तिला योग्य रोध जोडला, तर विनापुरवठा अवमंदन मिळते, तिथेच संवेदक व प्रेरक अशा दोन पट्ट्या बसवून तुळईच्या वेगाच्या विरुद्ध बल दिले, तर ते सपुरवठा अवमंदन होते, पण बल देण्याची वेळ चुकली तर कंपन शमण्याऐवजी वाढते.’