पुरुषांचा प्रार्थनागट सुरू करायचाय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडचा, कॅथलिक. बाळ येशूच्या यात्रेला आम्ही पुरुष राबायला एकत्र येतो. एरवी मिस्सा (चर्चमधली उपासना) संपली की जो तो गाडीला किक मारतो. घरात रोझरी (जपमाळेची प्रार्थना) आधी आई सांगायची, आता बायको. परवा धाकटीने विचारलं, "पप्पा, तुम्ही का नाही सुरू करत?" उत्तरच सुचलं नाही. फार लागलं ते.

१९ मार्चला, येशूचा सांभाळ करणाऱ्या संत योसेफाच्या सणापासून, महिन्यातून एकदा जमावं असं मनात आहे. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा ५वा अध्याय पतीला ख्रिस्तासारखी प्रीती करायला, स्वतःला द्यायला सांगतो. सुरुवात तिथूनच करावी वाटते.

अशा गटात कोणी आहे का? सातपूर-अंबडच्या शिफ्टवाल्यांना कोणती वेळ जमते? आणि पुरुष घरातलं मोकळेपणी बोलू लागावेत म्हणून पहिल्या बैठकीत काय करता?