शस्त्रक्रियेआधी केस काढणं हा सौंदर्योपचार कसा?

सावली:
मी ट्रान्स स्त्री आहे. माझी योनीनिर्मितीची शस्त्रक्रिया विमा कंपनीने मंजूर केली. पण त्याआधी केस काढून घ्या असं सर्जननेच लिहून दिलं होतं, तो खर्च मात्र 'सौंदर्योपचार' म्हणून नाकारला. या शस्त्रक्रियेत बऱ्याचदा शिश्नाची आणि वृषणकोशाची कातडी आतल्या अस्तरासाठी वापरतात. मुळं जिवंत राहिली तर केस आतच वाढतात. मग गुंता, स्राव, जंतुसंसर्ग. नंतर तिथे पोचून केस काढणं फार अवघड. ऑपरेशन मान्य आणि त्याची तयारी अमान्य, हे मला पटत नाही.

हिशोबी:
तुमचा त्रास कळतो. तरी विमा सगळ्यांच्या हप्त्यांवर चालतो. उद्या चेहऱ्यावरच्या केसांसाठीही हेच कारण पुढे येईल. आणि सर्जन ऑपरेशनच्या वेळीच मुळं जाळतात ना?

आयव्हीस्टँड:
काही सर्जन जाळतात, पण सगळी मुळं त्यात सापडतातच असं नाही. केस टप्प्याटप्प्याने वाढतात, म्हणून इलेक्ट्रॉलिसिसला, म्हणजे विजेने केसांची मुळं कायमची मारायला, कित्येक महिने लागतात. एकेका मुळात सुई घालावी लागते. लेझर रंगद्रव्यावर काम करतं, पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग नाही. ट्रान्स पुरुषांच्या शिश्ननिर्मितीत हाताच्या कातडीतून मूत्रमार्ग घडवतात, तिथे केस उरले तर त्यांवर क्षार बसून खडे होतात. त्या खड्यांचं ऑपरेशन विमा देणारच, मग आधीच द्या की!

हिशोबी:
खड्यांचा मुद्दा मान्य. कुठल्या जागेचे केस ते सर्जनने लिहून दिलं तर द्यावेत पैसे. चेहऱ्याला माझा विरोध कायम आहे.

सावली:
डब्ल्यूपॅथ या ट्रान्सजेंडर आरोग्यावरच्या जागतिक संघटनेच्या उपचार-मार्गदर्शिकेच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीत चेहऱ्याचे केस काढणंही वैद्यकीय गरज मानलंय. दाढीच्या खुंटांमुळे रोज घराबाहेर पडायची धास्ती वाटते, ती मी हौस म्हणून घालवू पाहत नाहीये.

हिशोबी:
गरज असेल, पण प्रत्येक गरज विम्याने भागवावी असं मला वाटत नाही.

आयव्हीस्टँड:
सावली, अपिलात सर्जनचं पत्र जोडा: कुठली कातडी, ती कुठे वापरणार, केस राहिले तर काय होईल, अंदाजे किती बैठका. इलेक्ट्रॉलिसिस करणारी व्यक्ती बहुतेकदा डॉक्टर नसते, त्यामुळे विमा कंपनीच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य यादीत, नाही म्हणून दुसऱ्यांदा नकार येऊ शकतो. पॅनेलबाहेरच्या व्यक्तीची परवानगी त्याच अर्जात मागा.

सावली:
हे दुसरं कुणीच सांगितलं नव्हतं. पत्र उद्याच मागते.