चॉपिंग बोर्ड कोणता घ्यावा? खान्देशातले अनुभव सांगा

मेहरूणची बोरं : माहेरी आणि सासरी अजून विळीच चालते. मला गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून ओट्याशी उभं राहून सुरीनं चिरते. प्लॅस्टिकच्या बोर्डवर एवढे चरे पडलेत की हळद त्यातून निघतच नाही. आता लाकडी घ्यायचाय. आपल्याकडच्या उन्हात कोणता टिकतो? दुकानातली माहिती नको, वापरून काय झालं ते लिहा.

भुसावळ जंक्शन : बांबूचा घेऊ नका. बांबू मुळात गवत. त्याच्या पट्ट्या चिकटवून फळी करतात. आमची पावसाळ्यात, थंडीत छान होती. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, दिवसभर कोरडी झळ आणि रात्री कूलरची ओल. एका सांध्यावर नख जाईल एवढी फट पडली. त्यात कांद्याचा वास बसला तो बसलाच.

रंधा (शिरपूर) : घरात सुतारकी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. साग तेलकट, पाणी कमी पितो, त्यामुळे फुगण्या-आखडण्याचा त्रास कमी. पण सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. आमच्या रंध्याची धार जाते, तुमच्या सुरीचीही लवकर जाणार. गाभ्याचाच तुकडा मागा, कडेचं पांढरं लाकूड नको. जाडी इंचभर तरी हवी. जुन्या वाड्याची चौकट कापून बोर्ड करून द्या म्हणणारे येतात, त्यांना मी परत पाठवतो. त्या लाकडाला कधी कोणता रंग लावला, उधईचं (वाळवीचं) कोणतं औषध पाजलं, कोण सांगणार? खाटकाचा चिंचेचा ओंडका नीट बघा. लाकडाचे धागे उभे असतात, घाव धाग्यांच्या मधे शिरतो आणि धागे पुन्हा मिटतात. तसा उभ्या धाग्यांचा बोर्ड सुरीला सगळ्यात मऊ, पण तुकडे जोडून करायला वेळ लागतो, म्हणून महाग.

मिरची तिखट (नंदुरबार) : काचेचा कोणी भेट दिला तर त्यावर पापड ठेवा. सुरीची वाट लागते आणि आवाजानं दात शिवशिवतात.

केळीबाग : आम्ही रावेरचे, घरात कच्ची केळी कायम. चिकाचे डाग लाकडावर काळे पडतात. चिरण्याआधी हाताला, सुरीला आणि बोर्डला तेलाचं बोट फिरवायचं. तरी डाग पडलाच तर जाडं मीठ टाकून अर्ध्या लिंबानं घासते. फिकट होतो, पूर्ण जात नाही. मी आता मनावर घेत नाही.

भरीत पार्टी : तेल कोणतं, हे कोणी लिहिलंच नाही! आमच्याकडे शेंगदाण्याचं लावलं होतं. काही दिवसांत बोर्ड चिकट झाला आणि खवट वास सुटला. मेडिकलमधून औषधी दर्जाचं लिक्विड पॅराफिन आणलं, ते खवट होत नाही. कोरड्या बोर्डला दोन्ही बाजूंनी चोळून रात्रभर ठेवायचं, सकाळी पुसायचं. उन्हाळ्यात जास्त वेळा लागतं. आणि धुतल्यावर गच्चीवर उन्हात टाकू नका. भरीत ठेचायची लाकडी बडगी सासूबाई सावलीतच वाळवतात, बोर्डही तिथेच कडेवर उभा असतो.

पांझराकाठ (धुळे) : मटणाचा बोर्ड वेगळाच. हॉटेलात काम केलंय, तिथे कच्च्या मांसाला लाल आणि भाजीला हिरवा असा रंगांचा नियम होता. लाकूड अस्वच्छ असतं असं सरसकट नाही. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डीन क्लिव्हर यांच्या प्रयोगांत जंतू लाकडाच्या आत शोषले गेले आणि हळूहळू मेले. चरे पडलेलं प्लॅस्टिक मात्र हातानं धुऊन नीट स्वच्छ होईना. तरी मटणाला मी प्लॅस्टिकच ठेवतो, कढत पाणी बिनधास्त ओतता येतं. चरे वाढले की फेकतो. आजी अजून विचारते, "हाई फळी शे का पाट?"

मेहरूणची बोरं : रंधा, सागाच्या गाभ्याचा, सव्वा इंच जाड, १५ बाय १० इंच कराल का? खाली रबरी पाय लावायचे का?

रंधा (शिरपूर) : करतो. पाय नकोत, दोन्ही बाजू आलटून पालटून वापरा म्हणजे फळी वाकत नाही. सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घाला, काम झालं की काढा. आणि विळी मोडीत काढू नका, मेथीची जुडी तिच्यावरच चिरा.